बॉल नको, बूट बघा!

हे वाचता वाचता एक मिनिट उभे राहा. ऑफिसात असाल तर पँट्रीच्या कोपऱ्यात जा, तिथे कोणी बघणार नाही. बूट काढा, एक पाय उचला आणि आता डोळे मिटा. दहा आकडे मोजून झाले? सही! पाचाच्या आतच हात हवेत फिरायला लागले आणि कॉफी मशिनचा आधार घ्यावा लागला? मग तुम्ही एकटे नाही. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत, उरलेले टू-व्हीलरवर नाहीतर कॅबमध्ये. बॅलन्स नावाचं काम आपण आपल्या पायांना देतोच कुठे?

आता याच पायांवर उभं राहून एक लांब, टोकाला जड असलेली काठी खांद्यामागे न्यायची आणि सव्वा सेकंदाच्या आत पुन्हा पुढे आणून जमिनीवरच्या एवढ्याशा बॉलवर मारायची. प्रोफेशनल खेळाडूंच्या ड्रायव्हरचं टोक बॉलला लागतं तेव्हा त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतो. आपला त्याच्या निम्मा धरला तरी एवढी उलथापालथ अंगात होत असताना पाय काय करत असतात, हा प्रश्न विचारायला नको का? गंमत म्हणजे तो कोणीच विचारत नाही. ग्रिप कशी धरायची, कोपर सरळ ठेवायचं की नाही, मनगट कधी मोडायचं, यावर सगळे तासन्‌तास बोलतात. पाय मात्र घरच्या वॉचमनसारखे, आहेत एवढंच माहीत.

गोल्फ म्हणजे रिटायर्ड कर्नल आणि कंपनीचे चेअरमन, ही इमेज आता जुनी झाली. तसा आपल्याकडे हा खेळ फार जुना आहे. कोलकात्याचा रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पण आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी गोल्फकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती आणि एका स्ट्रोकने चौथी आली. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत पुण्याचा उदयन मानेही खेळला. बर्डी म्हणजे काय हे त्या शनिवारी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकमेकांना विचारणारे काही जण आज शनिवारी सकाळी साडेसहाला ड्रायव्हिंग रेंजवर दिसतात. उरलेल्यांना क्लायंटने बोलावलेलं असतं.

मी पुण्याच्या एका रेंजवर सलग चार शनिवार गेले, ते खरंतर "कॉर्पोरेट गोल्फ"वर लिहायला. कोणते सीईओ कोणाबरोबर खेळतात, डील्स कुठे होतात वगैरे मसाला गोळा करायचा होता. पण तिथल्या एका कोचने माझं लक्षच दुसरीकडे वळवलं. पन्नाशीचे गृहस्थ. पोरवयात येरवड्याच्या कोर्सवर कॅडी म्हणून बॅगा उचलल्या, उचलता उचलता खेळ शिकले. त्यांची शिकवायची पद्धत बघून मी चाटच पडले. समोरचा माणूस बॉल मारतो आणि हे बॉल कुठे गेला ते बघतच नाहीत. मान खाली, नजर त्याच्या बुटांवर.

"मॅडम, बॉल खोटं बोलतो," ते म्हणाले. "चुकून पण सरळ जातो. पाय खोटं बोलत नाहीत."

वजन लेसच्या गाठीखाली

आधी उभं राहायचं कसं ते. कुस्तीत आणि दांडपट्ट्यात आपल्याकडे याला फार सुंदर शब्द आहे, पवित्रा. गोल्फवाले स्टान्स म्हणतात. ड्रायव्हर मारताना दोन टाचांमधलं अंतर साधारण खांद्यांइतकं, आणि काठी आखूड होत जाईल तसं ते कमी. वेज हातात असेल तर पाय बरेच जवळ. पाय फार फाकवले की माणूस खांबासारखा घट्ट उभा राहतो, पण त्याला वळताच येत नाही. फार जवळ घेतले तर वळता येतं, टिकता येत नाही.

वजन पुढे चवड्यांवर की मागे टाचांवर? नवशिके हमखास यातलं एक टोक पकडतात. कोचचं उत्तर, "लेसच्या गाठीखाली." म्हणजे तळपायाच्या मधोमध, किंचित चवड्याकडे. तिथे वजन आहे की नाही हे तपासायची त्यांची युक्ती मुंबईकरांना एकदम पटेल. अंधेरीहून चर्चगेटला जाताना लोकलमध्ये हँडल न धरता, हातात फोन घेऊन उभे असता ना? गुडघे ताठ नसतात, थोडे सैल असतात. ब्रेक लागला की अंगठे आणि टाचा आपोआप काम करतात, वरचं अंग शांत राहतं. हाच तो पवित्रा. फक्त कमरेतून पुढे झुकायचं. पाठीतून नाही, कमरेतून, देवाला नमस्कार करताना पाठ सरळ ठेवून वाकतो तसं.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी पुस्तकात वाचून सोडून दिली जाते. बेन होगनने १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात सांगितलं होतं की उजवा पाय बॉलच्या रेषेला काटकोनात ठेवा आणि डावा थोडा बाहेर वळवा. (मी सगळीकडे उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल लिहितेय, डावखुऱ्यांनी कृपया उलटं वाचावं.) कारण साधं आहे. बॉल मारल्यावर सगळं अंग डावीकडे वळतं. डावा पाय आधीच थोडा उघडा असेल तर खुब्याला वळायला जागा मिळते आणि गुडघ्याला पडणारा पीळ कमी होतो. ज्यांचे खुबे खुर्चीने आखडलेत, म्हणजे आपण सगळेच, त्यांनी उजवा पायही जरासा बाहेर वळवला तर काही बिघडत नाही. होगनसाहेबांना हिंजवडीचं ट्रॅफिक माहीत नव्हतं.

'डोकं हलवू नकोस' नावाचा आजार

दुसऱ्या शनिवारी कोचकडे आला हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीतला प्रोजेक्ट मॅनेजर. वय ३३. नाव छापू नका म्हणाला, कारण बॉसला कंबरेचं कळायला नको होतं. दीड वर्ष तो मित्रांबरोबर, व्हिडिओ बघून बघून खेळत होता. जोर भरपूर. पण सहा महिन्यांपासून कंबरेत उजव्या बाजूला कळ यायला लागली होती. आधी रेंजवर, मग खुर्चीतून उठताना, मग दोन वर्षांच्या मुलीला उचलताना. "ती हात वर करून उभी राहते आणि मी गुडघ्यावर बसून तिला मिठी मारतो. तिला वाटतं हा गेम आहे," तो म्हणाला. फिजिओने दीड महिना विश्रांती दिली, व्यायाम दिले आणि बजावलं, स्विंग बदल, नाहीतर खेळ बंद. इकडे ऑफिसात क्लायंटबरोबरचा गोल्फ डे तोंडावर आलेला.

"सर, कंबर कशी वळवायची ते दाखवा," तो कोचना म्हणाला. "साहेब, कंबर राहू द्या. हळूच अर्धा स्विंग करा आणि शेवटी तसेच थांबा. हलू नका," कोच म्हणाले. (दोघं एकमेकांना सर आणि साहेब म्हणत होते, मला फार मजा वाटली.)

तो थांबला. उजवी टाच जमिनीला चिकटलेली, डाव्या पायाचे अंगठे बुटाच्या आत हवेत, अंग मागे झुकलेलं. म्हणजे बॉल मारून झाल्यावर वजन पुढे जायच्या ऐवजी मागच्या पायावर. मग कोचनी त्याला काठी वर नेऊन थांबायला सांगितलं. तिथे बरोबर उलटं. वजन उजव्या पायावर असायला हवं तर ते डाव्यावर, आणि पाठीचा कणा बॉल जिथे जाणार त्या दिशेला कललेला. गोल्फच्या भाषेत याला रिव्हर्स पिव्हट म्हणतात. जायचं तिथून उलटं जाणारं वजन. अशा स्थितीतून जोरात खाली आलं की पुढची सगळी पिळवटणूक कंबरेचे खालचे मणके सोसतात. गोल्फरांच्या दुखापतींमध्ये कंबर वरच्या नंबरावर असते, त्यातलं हे एक मोठं कारण.

हे येतं कुठून? माझ्या मते गोल्फमधल्या सगळ्यात लोकप्रिय सल्ल्यातून. "डोकं हलवू नकोस!" रेंजवर तुम्ही एक बॉल चुकवा, शेजारच्या तीन बेमधून हा सल्ला येईल. माणूस मग डोकं खिळ्याने ठोकल्यासारखं धरून ठेवतो. डोकं हलायचं नाही म्हणून वजन उजवीकडे जातच नाही, खांदे वळायच्या ऐवजी कलतात आणि कणा चुकीच्या बाजूला झुकतो. दुसरं कारण म्हणजे बॉलला "उचलायची" हौस. बॉल हवेत गेला पाहिजे म्हणून आपण मागे रेलतो, खालून वर चमचा मारल्यासारखं करतो. अहो, बॉल हवेत न्यायला काठीच्या पात्याला तिरकेपणा दिलेलाच आहे. आयर्न खाली उतरत बॉलला लागलं की तो आपला आपण वर जातो.

मग बरोबर काय? लहानपणी तळ्यात चपटा दगड फेकून तो पाण्यावरून उडवला असेल ना, ते आठवा. हात मागे जातो तेव्हा वजन उजव्या पायावर. पण हात पुढे यायच्या आधीच डावा पाय पुढे पडलेला असतो. कोणी शिकवलं होतं का? गोल्फमध्ये नेमकं हेच. काठी मागे जाऊ लागली की दाब उजव्या पायाच्या आतल्या कडेवर, टाचेकडे जातो. आतल्या कडेवर हे महत्त्वाचं, कारण बाहेरच्या कडेवर, करंगळीकडे गेला की आपण वळत नाही, नुसते सरकतो. आणि काठी अजून वर पोचतेय तोवरच दाब डावीकडे परतायला लागतो. चांगल्या खेळाडूंना प्रेशर मॅटवर उभं केलं की हे स्पष्ट दिसतं, हात मागे चाललेत आणि पाय पुढे निघालेत. बॉल लागतो त्या क्षणी दाबाचा बराच मोठा भाग डाव्या पायावर असतो, आणि तो पाय जमिनीला ढकलून सरळ होत असतो. न्यूटनचा तिसरा नियम, दहावीला मार्कांसाठी पाठ केलेला. तुम्ही जमिनीला ढकला, जमीन तुम्हाला ढकलते. ताकद दंडातून येते हा गैरसमज जिमवाल्यांचा.

कोचनी आमच्या मॅनेजरला पहिले पंधरा दिवस ड्रायव्हरला हातच लावू दिला नाही. आठ नंबरचं आयर्न, पाय एकमेकांना जुळवून, अर्धा स्विंग. पाय जुळवले की जबरदस्ती करता येत नाही, जोर केला की तोल गेलाच. मीही करून बघितलं. पहिल्या पाच मिनिटांत कळतं की आपण आजवर "ताकद" म्हणून जे लावत होतो ते बहुतेक धडपडणं होतं. मग उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेखाली एक बॉल सरकवून स्विंग, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला लवंडायचा मार्गच बंद. मग दगड फेकण्याचा प्रकार. पाय जुळवून उभं राहायचं, काठी मागे न्यायची आणि ती वर पोचायच्या आत डावा पाय पुढे टाकून मारायचं. बॉल सुरुवातीला कुठेही जातात. कोच म्हणाले, जाऊ दे.

आणि प्रत्येक शॉटनंतर तीन आकडे मोजेपर्यंत पुतळा. बेंबी टार्गेटकडे, वजन डाव्या पायावर, उजवा पाय नुसता अंगठ्यांच्या टोकावर, मागून बघणाऱ्याला त्या बुटाचा अख्खा तळवा दिसला पाहिजे. डाव्या पायावर आरामात उभे आहात म्हणजे मधलं बरंच काही जमलं. डुलताय, मागे पडताय, तर बॉल सरळ गेला असला तरी खूश होऊ नका.

हे नवं काही नाही. अमेरिकेचा सॅम स्नीड अनवाणी सराव करायचा. जॅक निकलॉसला त्याचे गुरू जॅक ग्राउट यांनी लहानपणी दोन्ही टाचा जमिनीवर ठेवून बॉल मारायला लावले, घोटे कसे वळतात ते कळावं म्हणून. पुढे निकलॉसची डावी टाच बॅकस्विंगमध्ये चांगली उचलली जायची, ती गोष्ट वेगळी. आधी नियम अंगात, मग मोडायचा हक्क. आखडलेल्या खुब्यांना टाच थोडी उचलू देणं उलट सोयीचं पडतं.

मग शेफलरचं काय?

हा प्रश्न तुमच्यातला एखादा स्पोर्ट्स-वेडा विचारणारच. स्कॉटी शेफलर, २०२२ आणि २०२४ चा मास्टर्स विजेता, पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण, २०२५ मध्ये पीजीए आणि ओपन दोन्ही. त्याचे पाय बघितलेत? बॉल मारताना उजवा पाय मागे घसरतो, कधी डावाही फिरतो, पायाखालची जमीन सरकल्यासारखं दिसतं. रेंजवरची पोरं त्याची हुबेहूब नक्कल करतात आणि धपकन बसतात. फरक असा की शेफलरचे पाय घसरतात ते काम झाल्यावर. डाव्या पायावर दाब कधीच पोचलेला असतो, कणा जागेवर असतो. मागचा पाय मोकळा झाला म्हणून सरकतो. आपला पाय घसरतो तो तोल गेला म्हणून.

आणि पायांनी जोर लावायची किंमतही असते, ती विसरू नका. टायगर वूड्स बॉल मारताना डावा पाय झटक्यात सरळ करायचा. गुडघ्यावरचा ताण कमी करायला त्याने पुढे स्विंग बदललाही. जून २००८ मध्ये टॉरे पाइन्सला तो यूएस ओपन ९१ होल खेळून जिंकला, तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट गेलेला होता आणि नडगीला बारीक फ्रॅक्चर होती. त्यानंतर ऑपरेशन, उरलेला सीझन घरी. पुढे पाठीची ऑपरेशन्स, २०१७ मध्ये मणके जोडण्याचं, आणि २०१९ मध्ये पुन्हा मास्टर्स. सिनेमासारखी स्टोरी आहे, कबूल. पण आपल्याला सोमवारी स्टँड-अप मीटिंग असते.

बुटांचं एक सांगते. रनिंग शूज घालून रेंजवर जाऊ नका. त्यांची टाच उंच आणि तळ मऊ असतो, तो पळायला बरा. इथे तो तुम्हाला पुढे चवड्यांवर ढकलतो आणि वळताना आत डुगडुगतो. पहिल्याच दिवशी महागडे गोल्फ शूज घ्यायचीही गरज नाही, सपाट तळाचे साधे बूट चालतात. फ्रेड कपल्स २०१० च्या मास्टर्समध्ये बिनखिळ्यांचे, स्नीकरसारखे बूट घालून उतरला आणि तेव्हापासून तसे बूट घालणं कमीपणाचं राहिलं नाही. पावसाळ्यात ओल्या गवतावर मात्र खिळे हवेतच, तिथे स्टाइल मारू नका.

उतारावर

रेंजची मॅट सपाट असते, कोर्स नसतो. खारघरला सिडकोचा व्हॅली गोल्फ कोर्स आहे, नावातच दरी. तिथे सपाट जागा मिळाली तर नशीब. पायांची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते. बॉल चढावर असेल तर खांदे उताराला समांतर ठेवायचे, वजन आपोआप खालच्या पायावर राहतं, त्याच्याशी भांडायचं नाही. बॉल जास्त उंच उडतो, म्हणून एक नंबर लांबचं आयर्न घ्यायचं. उतारावर याच्या उलट. बॉल पायांपेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे जातो, पायांपेक्षा खाली असेल तर उजवीकडे. तेव्हा निशाणा आधीच तेवढा सरकवायचा. बॉल खाली असताना गुडघ्यातून बसायचं आणि टाचांवर थोडं वजन ठेवायचं, नाहीतर पुढे तोंडावर. चारही प्रकारांत एकच गोष्ट कॉमन, स्विंग छोटा. पाऊण स्विंग, पूर्ण तोल.

क्रिकेटवाल्यांना इथे जास्त त्रास होतो, असं कोच म्हणाले. आपण सगळे गल्लीत वाढलेलो, बॉलकडे पाय टाकून मारायची सवय हाडात मुरलेली. इथे बॉल गप्प पडलेला असतो आणि पाय टाकायचा नसतो, पायातल्या पायात दाब हलवायचा असतो. पण ज्यांचं क्रिकेटमधलं फूटवर्क चांगलं होतं ते महिन्याभरात इतरांच्या पुढे जातात, हेही त्यांनीच सांगितलं.

आमच्या मॅनेजरने तो गोल्फ डे खेळलाच नाही. क्लायंटबरोबर बग्गीत बसून फिरला, स्कोअर लिहिला, पटिंग तेवढं केलं. डीलचं काही बिघडलं नाही म्हणे. घरी मात्र रोज दात घासताना दोन मिनिटं एका पायावर, एक मिनिट उजवा, एक मिनिट डावा. मुलगीही शेजारी तसंच उभी राहते आणि पडते. पावणेतीन महिन्यांनी फिजिओने नऊ होलची परवानगी दिली. तो खारघरला गेला, ६१ स्ट्रोकमध्ये नऊ होल संपवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन करून स्कोअरच्या आधी सांगितलं की मुलीला उचललं, दोनदा. अठरा होलला अजून परवानगी नाही. ड्रायव्हर बॅगेतच आहे, कोच म्हणालेत दिवाळीनंतर बघू.